सिरियलसाठी जमवलेल्या चार पोरांच्या दोन रेकॉर्डी

आधीच सांगते, मी काही रेकॉर्डी जमवणारी बाई नाही. ऑफिस फोर्टात आहे, लंच टाइमला डबा पंधरा मिनिटांत संपतो आणि उरलेला वेळ फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत जातो, तिथेच एक जण कधीकधी रेकॉर्डींचा ढीग मांडून बसतो. परवा त्या ढिगात भजनांच्या एका एलपीखाली 'मोअर ऑफ द मंकीज' निघाली. बाहेरची प्रिंट, कव्हरचा एक कोपरा उंदराने खाल्ल्यासारखा, आतली तबकडी मात्र ठीकठाक वाटली. सहाशे म्हणाला, मी कोपरा दाखवला, तर म्हणतो मॅडम कोपरा वाजवायचा नाहीये. शेवटी साडेचारशेला दिली.

आता माझ्याकडे प्लेअर नाही. प्लेअर गिरगावात काकाकडे, आणि काका म्हणजे ऑर्केस्ट्रात बोंगो-तुंबा वाजवून उभं आयुष्य काढलेला माणूस, गणपती नवरात्रात दिवसाला दोन दोन सुपाऱ्या केलेला, त्यामुळे शनिवारी सकाळी वडे घेऊन गेले आणि हा जो काही रिव्ह्यू आहे तो आम्हा दोघांचा आहे. म्हणजे मतं माझी, शिव्या त्याच्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मंकीज, म्हणजे माकडंच, फक्त स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं. १९६५ मध्ये बॉब राफेलसन आणि बर्ट श्नायडर या दोघा निर्मात्यांनी सिनेमावाल्यांच्या पेपरात जाहिरात दिली की सिरियलसाठी चार वेडी पोरं पाहिजेत, वय १७ ते २१. बीटल्सची हवा होती, टीव्हीवर तसंच काहीतरी हवं होतं, सरळ हिशोब. चारशेच्या वर पोरं आली आणि शेवटी चार ठरली, त्यातला मिकी डोलेन्झ लहानपणी सर्कशीवरच्या एका सिरियलीत हिरो होता, डेव्ही जोन्स इंग्लंडचा, नाटकातला पोरगा (९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकन टीव्हीवर पहिल्यांदा झळकले ना, त्याच कार्यक्रमात हा पण आपल्या नाटकाबरोबर होता, काय नशीब), आणि माइक नेस्मिथ आणि पीटर टॉर्क हे दोघे मात्र खरेखुरे वाजवणारे. १२ सप्टेंबर १९६६ ला एनबीसीवर सिरियल सुरू झाली, दोन सीझन, ५८ भाग, खेळ खलास. सिरियलमध्ये चार कडके पोरांचा बँड आहे जो कधी फेमस होत नाही. बाहेर मात्र पहिला अल्बम १३ आठवडे अमेरिकेत एक नंबरवर आणि त्याला खाली कोणी ढकललं तर यांच्याच दुसऱ्या अल्बमने, तो पुढे १८ आठवडे. हा दुसरा म्हणजे माझी ही साडेचारशेची तबकडी, जानेवारी १९६७ ची.

गंमत अशी की हा अल्बम बाजारात आलाय हे त्या चौघांनाच माहीत नव्हतं. ते दौऱ्यावर होते, दुकानातून विकत आणून बघितला. कव्हरवर जे कपडे घालून उभे आहेत ते एका कपड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी घातलेले. मागच्या बाजूला संगीताची सगळी सूत्रं हातात असलेला डॉन कर्शनर, त्याचा मोठा मजकूर, त्यात आपल्या गीतकारांचं कौतुक आधी आणि पोरं मागून. वादकांची नावं तर कुठेच नाहीत. हे काकाला वाचून दाखवलं तर तो वडा खाता खाता थांबला आणि म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखंच की गं."

तर गाणी. पहिल्या बाजूला 'शी' ने सुरुवात, एकदम कडक, मिकीचा आवाज असा की रागावलाय पण नाचतोय पण. मग 'मेरी मेरी', हे माइकने लिहिलेलं, आणि इथे काकाचा हात टेबलावर आपोआप चालायला लागला, ठेका इतका घट्ट आहे की २१ वर्षांनी, १९८८ ला, रन-डीएमसी नावाच्या रॅपवाल्यांनी तेच गाणं उचलून हिट केलं. बाजूच्या शेवटी 'स्टेपिन स्टोन', हे तर पुढे पंकवाल्या पोरांनी, सेक्स पिस्टल्सने सुद्धा गायलं, आणि ऐकल्यावर कळतं का, यात गोडवा शून्य, नुसती खुन्नस आहे. मधे पीटरच्या वाट्याला आलेलं 'युअर आंटी ग्रिझेल्डा', ज्यात तो तोंडाने चित्रविचित्र आवाज काढतो, ते मला पाच वर्षांच्या भाच्यासाठी ठीक वाटलं, त्यापुढे नाही.

दुसऱ्या बाजूला 'समटाइम इन द मॉर्निंग' आहे आणि हे गाणं एकट्याने साडेचारशे वसूल करतं. जेरी गॉफिन आणि कॅरोल किंग या जोडीचं. मिकी इथे ओरडत नाही, हळू, जवळ येऊन सांगितल्यासारखं गातो, पाठीमागून त्याच्याच आवाजाच्या हार्मनी येतात, आणि काकाकडच्या त्या जुन्या स्पीकरमधून खरखरीसकट ते असलं मस्त वाटत होतं की खालून गॅस सिलेंडरवाला ओरडला तेव्हा दोघेही दचकलो. त्याच्या आधीचं 'द डे वी फॉल इन लव्ह' मात्र अशक्य, डेव्ही गात नाहीच, नुसतं प्रेमाने बोलतो, शाळेच्या गॅदरिंगमध्ये दिवे मंद करून निवेदन करतात तसं. 'लाफ' वर ओरखडा निघाला, सुई अडकते, काही नुकसान नाही, ते गाणं अडकलेलंच बरं. आणि शेवटी 'आय एम अ बिलिव्हर'. नील डायमंडचं गाणं, अमेरिकेत ७ आठवडे एक नंबर. तुम्ही म्हणाल हे तर श्रेकमधलं, हो तेच, तिकडे दुसऱ्या बँडने म्हटलंय, मूळ हे. तो ऑर्गनचा छोटा तुकडा वाजतो ना सुरुवातीला, त्याला काकाने लगेच नाव दिलं, "हा हुक. याच्यावर अख्खी सुपारी निघते."

आता मुद्दा, ज्यासाठी एवढं टाइप करतेय. १९६७ मध्ये अमेरिकेत बोंब झाली की हे फसवे आहेत, रेकॉर्डवर वाजवणारे दुसरेच, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कचे स्टुडिओवाले वादक, ही पोरं नुसती गातात आणि टीव्हीवर गिटार धरून उड्या मारतात. खरंच होतं ते. पण गिरगावात बसून हे वाचताना मला हसूच येतं, कारण आपल्याकडे पडद्यावर गिटार धरलेल्या हिरोला कधी कोणी विचारलं का की बाबा तू वाजवतोस का? गातोस का? आपला अख्खा सिनेमा दुसऱ्याच्या गळ्यावर आणि तिसऱ्याच्या हातांवर उभा आहे आणि आपण त्याला फसवणूक म्हणत नाही, प्लेबॅक म्हणतो. केर्सी लॉर्डचं अ‍ॅकॉर्डियन, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, सेबॅस्टियन डिसोझांच्या अरेंजमेंट, हे सगळं ऐकत आपण मोठे झालो आणि श्रेय मात्र झाडाभोवती फिरणाऱ्याला दिलं. तेव्हा मंकीजनी स्वतः वाजवलं नाही यात मला पाप दिसत नाही.

पाप दुसरीकडे आहे, नाव कोणाचं लागतं तिथे. १९४९ ला 'आयेगा आनेवाला' आलं तेव्हा रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय होतं माहितेय? कामिनी. म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. लता मंगेशकर हे नाव लागायला भांडावं लागलं. काकाने स्वतः एका कॅसेट कंपनीसाठी गणपतीच्या गाण्यांत वाजवलं होतं, दोन रात्री जागून, कॅसेट आली तर आतल्या कागदावर त्याच्या ग्रुपमधल्या एकाचंही नाव नाही, उलट ढोलकी धरून हसणारा फोटो एका भलत्याच माणसाचा. तो फोटोवाला कोण हे काकाला आजतागायत कळलेलं नाही, आणि विषय निघाला की अजून चिडतो.

मंकीजचं उलटं झालं, नाव यांचं, हात दुसऱ्यांचे, आणि त्याचा सगळ्यात जास्त राग यांच्यापैकीच एकाला आला. माइक नेस्मिथ. बेव्हरली हिल्सच्या हॉटेलात मीटिंग चालू होती, कर्शनरच्या बाजूच्या वकिलाने करार दाखवला तर याने भिंतीत मूठ घातली, भोक पडलं, आणि म्हणाला की ही तुझ्या तोंडावर पण बसली असती. थोड्याच दिवसांत कर्शनर बाहेर. (त्याने मग काय करावं? असा बँड काढला जो भांडूच शकत नाही, कार्टूनचा, द आर्चीज, आणि 'शुगर शुगर' १९६९ चं सुपरहिट गाणं. मला त्या माणसाचं खरंच कौतुक वाटतं.)

त्या भांडणातून आलेली रेकॉर्ड म्हणजे 'हेडक्वार्टर्स', मे १९६७. ही काही फुटपाथवर मिळाली नाही, फोनवर लावून ब्लूटूथ स्पीकरला जोडली, आवाज काकाच्या मते डब्यातला, पण चालवून घेतलं. इथे चौघंच वाजवतात, बास बहुतेक ठिकाणी प्रोड्यूसर चिप डग्लसचा, थोडी व्हायोलिनच्या घरातली आणि फुंकायची वाद्यं बाहेरची, बाकी घरचा स्वयंपाक. आणि फरक पहिल्या मिनिटात कळतो. 'यू टोल्ड मी' मध्ये पीटरचा बँजो कडकड वाजतो, माइकचा टेक्सासचा हेल त्यावर, आणि ड्रम्सवर मिकी, ज्याला सिरियल मिळेपर्यंत ड्रम्स वाजवता येत नव्हते. शिकला तो नोकरीसाठी. काकाने डोळे मिटून दोन गाणी ऐकली आणि म्हणाला, "हा पोरगा नवशिका आहे. भरायला जातो तिथे हात अडकतोय बघ. पण पळत नाही. नवशिके पळतात." मग थोड्या वेळाने, "मला आवडला हा."

मला पण. पण खरं सांगू? लोक या अल्बमला जेवढं डोक्यावर घेतात तेवढा तो नाही. चौदातले चारपाच तुकडे असेतसेच, दोन गाणी तर मी पुढे ढकलली. 'शेड्स ऑफ ग्रे' मात्र ऐकाच, पीटरचा पियानो, डेव्ही आणि पीटर आलटून पालटून गातात, लहानपणी चांगलं वाईट सरळ दिसायचं आता सगळं राखाडी, साधीच गोष्ट, पण डेव्ही या गाण्यात कसलाही नखरा करत नाही आणि तेव्हा कळतं की या पोराला गाता येत होतं, त्याला नखरे करायला लावलेले. 'फॉर पीट्स सेक' दुसऱ्या सीझनला शेवटच्या पाट्यांवर लागायचं. आणि 'झिल्च'. हे गाणं नाहीच. चार आवाज, चार वेगळी निरर्थक वाक्यं, एक जण मिस्टर डोबालिना मिस्टर बॉब डोबालिना करत बसतो, दुसरा कुठल्यातरी विमानाला हाक मारतो, तिसरा कोर्टातलं काहीतरी, चौथा लोकांचं मत सांगतो, एकावर एक, वेग वाढत जातो आणि सगळ्याचा काला होतो. दादरच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता उभे राहा, लिंबू दसका पाच, मोबाइल कव्हर, पुढची गाडी फास्ट आहे, ताई सरका, डिट्टो तेच. १९९१ ला डेल नावाच्या रॅपरने त्यातल्या त्या डोबालिनावर अख्खं गाणं बनवलं, फालतू गंमत म्हणून केलेली गोष्ट कुठे जाऊन पोचेल सांगता येत नाही.

सगळ्यात शेवटी 'रँडी स्काउस गिट', मिकीने स्वतः लिहिलेलं, लंडनला बीटल्सनी दिलेल्या पार्टीनंतरचं, आणि नाव एका ब्रिटिश सिरियलमधली शिवी ऐकून ठेवलेलं, त्याला माहीतच नव्हतं शिवी आहे, मग इंग्लंडमध्ये नाव बदलून 'ऑल्टरनेट टायटल' केलं, म्हणजे 'पर्यायी नाव' हेच नाव. टिंपनीचे, म्हणजे नगाऱ्यासारख्या मोठ्या ड्रमचे, ते ढम ढम आले आणि काका सरळ उठून बसला. परत लाव म्हणाला. तीनदा लावलं.

'हेडक्वार्टर्स' एक आठवडा एक नंबरला राहिला आणि पुढच्याच आठवड्यात बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला. मग हे ११ आठवडे दोन नंबरवर. सिरियलची नोकरी करता करता, स्वतः वाजवून, 'सार्जंट पेपर'च्या बरोब्बर खाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आणखी एक अल्बम, त्यात मिकीने मूग नावाचा नवाकोरा सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्य, विकत घेऊन वाजवलाय, तो पण एक नंबर. वर्षाअखेर 'डेड्रीम बिलिव्हर', आणि तिथून उतरण. १९६८ ला सिरियल बंद, 'हेड' नावाचा सिनेमा काढला, लिहिणाऱ्यांत जॅक निकल्सन (हो, तोच), आणि आपटला. जिमी हेंड्रिक्स या गिटारवाल्याला त्यांनी १९६७ च्या दौऱ्यात आधी वाजवायला घेतलेलं, पब्लिक सगळी डेव्ही डेव्ही किंचाळणाऱ्या पोरी, बिचारा थोड्याच शोनंतर सटकला. आणि डेव्ही जोन्सशी गोंधळ नको म्हणून लंडनचा दुसरा एक गायक डेव्हिड जोन्स, सिरियल सुरू व्हायच्या आधीच, १९६५ ला, स्वतःचं आडनाव बदलून डेव्हिड बोवी झाला.

माझ्या पिढीशी यांचा धागा मात्र वेगळा आहे, आणि तो परत माइकपासूनच निघतो. १९८० च्या सुमाराला त्याने गाण्यांचे व्हिडिओ लागोपाठ दाखवणारा 'पॉपक्लिप्स' नावाचा कार्यक्रम काढला, त्यानंतर वर्षभरात एमटीव्ही आलं. (पैसा त्याला आईकडूनही मिळाला, आपण ऑफिसात व्हाइटनर वापरतो ना, तो लिक्विड पेपर त्याच्या आईने शोधला, सेक्रेटरी होती, १९७९ ला ४ कोटी ७५ लाख डॉलरला कंपनी विकली. हे कळल्यापासून माझ्या टेबलावरची बाटली मी जरा मानाने ठेवते.) १९८६ ला त्याच एमटीव्हीने जुनी सिरियल दिवसभर लावली आणि मंकीज परत उठले. आणि ती म्युझिक चॅनलची लाट केबलवाल्याच्या वायरीतून आमच्या मुलुंडच्या घरात आली, आणि २००२ ला चॅनल व्ही वर 'पॉपस्टार्स' लागलं. ती कल्पना न्यूझीलंडची, १९९९ ची, टीव्हीसमोर निवड करून बँड बनवायचा. आपल्याकडे त्यातून व्हिवा निघाला, पाच मुली, अनुष्का मनचंदा, नेहा भसीन, महुआ कामत, प्रतीची महापात्रा, सीमा रामचंदानी, आणि 'हम नये गीत सुनाएँ' कॉलेजच्या कट्ट्यावर आम्ही पाच जणी हातवाऱ्यांसकट म्हणायचो, मी प्रत्येक वेळी अनुष्का व्हायला भांडायचे. आई म्हणायची, या काय निवडून आणलेल्या पोरी, रियाज कधी करणार. पुढच्या वर्षी आस्मा, त्यात नीती मोहन, वसुधा शर्मा, जिमी फेलिक्स आणि संगीत हळदीपूर. दोन्ही बँड दोनतीन वर्षांत विरले, पण नेहा, अनुष्का, नीती यांचे आवाज सिनेमात किती वर्षं वाजले ते तुम्हीच आठवा. बँड टिकला नाही, गळे टिकले. आपल्याकडे शेवटी सगळ्या नद्या प्लेबॅकलाच मिळतात. त्यांच्यापैकी कोणी भिंतीत मूठ मारली का ते मला माहीत नाही, मला तेव्हा फक्त अनुष्काचे केस पाहिजे होते.

संगीत हळदीपूर हे नाव घेतल्यावर काका लगेच म्हणाला, "अमर हळदीपूरांचा मुलगा." अमर हळदीपूर म्हणजे व्हायोलिनवाले, अरेंजर, सिनेमाच्या त्या मागच्या रांगेतले. बाप रेकॉर्डच्या आत आणि पोरगा टीव्हीच्या समोर. मला हे माहीतच नव्हतं, इतकी वर्षं आस्माची गाणी गुणगुणतेय.

असो, घ्यायचं काय ते सांगते. 'मोअर ऑफ' साडेतीन स्टार, मिळाली आणि पाचशेच्या आत असेल तर घ्या, दोन गाणी वगळून पार्टीला पण चालते. 'हेडक्वार्टर्स' चार, फोनवर ऐका पण हेडफोन लावून, लोकलमध्ये 'झिल्च' लागला तर आपण वेडे झालोय असं वाटेल, घाबरू नका. चौघांपैकी आता एकटा मिकी उरलाय, डेव्ही २०१२ ला गेला, पीटर २०१९, माइक २०२१.

माझी रेकॉर्ड काकाकडेच आहे. बुधवारी ऑफिसात फोन आला, "अगं, ती मेरी मेरी कोणी वाजवली बघ ना तुझ्या फोनमध्ये." बघितलं, गिटारवाल्यांत ग्लेन कॅम्पबेल, आणि खाली एकाखाली एक बरीच नावं. म्हणाला हळू सांग. एकेक नाव दोनदा सांगायला लावलं, स्पेलिंग विचारलं, मधे मधे हं हं. रविवारी गेले तर कव्हरच्या मागे, कर्शनरच्या त्या लांबलचक मजकुराखाली, काकाच्या तिरक्या अक्षरात सगळी नावं पेन्सिलने. आता विकायला काढली तर तीनशे पण कोणी देणार नाही.